एकवीस हजारांची रेघ

महाराष्ट्रात वयाची पासष्टी ओलांडलेल्या निराधार माणसाला राज्य सरकारकडून महिन्याला १,५०० रुपये मिळू शकतात. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना हे या तरतुदीचे पूर्ण नाव. बोलताना लोक नुसते ‘श्रावणबाळ’ म्हणतात. २०२३ सालापर्यंत ही रक्कम १,००० रुपये होती. राज्यात किमान पंधरा वर्षांचा रहिवास आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, या तिच्या मुख्य अटी. रहिवासाची अट सहसा आड येत नाही. आड येतो तो एकवीस हजारांचा आकडा, आणि तो नेमका कोणाच्या आड येतो हे काही वर्षे जवळून पाहिल्यावर माझे असे मत झाले आहे की ही रेघ मुख्यतः गरिबांच्याच दोन गटांमधून जाते: ज्यांच्या उत्पन्नाची कुठेतरी नोंद आहे ते गरीब रेघेच्या वर राहतात आणि ज्यांची कसलीच नोंद नाही ते खाली.

मी सोलापूरचा. एका सूतगिरणीच्या हिशेब खात्यात नोकरी झाली, त्यामुळे पगारपत्रक आणि फंडाची कपात यांच्याशी जन्माची ओळख. निवृत्तीनंतर आमच्या वस्तीत कोणाचे पेन्शनचे कागद अडले की ते आपोआप माझ्या ओट्यावर येतात. आमचा हा पूर्व भाग यंत्रमागांचा आणि विड्यांचा. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, आणि दुपारच्या वेळी उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन पानात तंबाखू भरणाऱ्या बायका, हे चित्र आता विरळ होत चालले असले तरी पुसले गेलेले नाही. या बायकांना फंड आहे ही गोष्ट बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. भविष्य निर्वाह निधीचा कायदा विडी उद्योगाला १९७७ साली लागू झाला, मालकांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले, आणि घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा कामगारच आहे, असे अखेर १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. त्याच घरातला नवरा यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहिला, पण त्याच्यासारख्या बहुतेकांच्या वाट्याला फंड आला नाही. म्हणजे म्हातारपणी त्या घरात पेन्शन येते ते बाईचे. ते किती येते, हा पुढचा प्रश्न.

फंडाच्या पेन्शनची योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. मालक जो हिस्सा भरतो त्यातले वेतनाचे ८.३३ टक्के या योजनेत जातात, केंद्र सरकार १.१६ टक्के घालते, आणि निवृत्तीच्या वेळी पेन्शनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागले की महिन्याचे पेन्शन निघते. या वेतनाला कमाल मर्यादा आहे. २००१ ते २०१४ या काळात ती ६,५०० रुपये होती, नंतर १५,००० झाली. पेन्शन एकदा ठरले की ठरले, त्याला महागाई भत्ता नाही. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये करण्यात आले, तेव्हा पाचशे-सहाशे रुपये घेणाऱ्या विडीवाल्या बायकांना ती खरोखरच वाढ वाटली होती. तो हजार त्यानंतर हललेला नाही. आज गॅसची एक टाकी भरून आणली की त्यातले आठशेच्या पुढे संपतात.

आता श्रावणबाळची रेघ आणि हे सूत्र शेजारी ठेवून पाहावे. १९९५ च्या नोव्हेंबरात, योजना सुरू झाली त्याच सुमारास, एकाच गिरणीत नव्याने लागलेले दोन कामगार आहेत असे धरू. दोघांचे पेन्शनपात्र वेतन कमाल मर्यादेएवढे, म्हणजे ६,५०० रुपये. एक जण २०१४ च्या एप्रिलअखेर अठ्ठावन्न वर्षांचा झाला, दुसरा जूनअखेर. सेवेची वर्षे मोजताना सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ पूर्ण वर्ष धरायचा आणि त्याहून कमी असेल तर सोडून द्यायचा असा नियम असल्यामुळे पहिल्याची सेवा अठरा वर्षे भरते आणि दुसऱ्याची एकोणीस. पहिल्याचे पेन्शन १,६७१ रुपये, दुसऱ्याचे १,७६४. पहिल्याचे वर्षाचे उत्पन्न वीस हजारांच्या किंचित पुढे जाऊन थांबते, दुसऱ्याचे एकवीस हजारांच्या दीड-पावणेदोनशे रुपये वर जाते. घरात दुसरी कसलीही मिळकत नसेल तर पासष्टीनंतर पहिल्याच्या हातात पेन्शन आणि साहाय्य मिळून ३,१७१ रुपये पडू शकतात आणि दुसऱ्याच्या हातात १,७६४ च. दोन महिने जास्त काम केल्याची ही किंमत आहे. हिशेबनीस म्हणून मी अनेक विचित्र गणिते पाहिली, पण जास्त राबणाऱ्याला दरमहा चौदाशे रुपयांनी मागे टाकणारे गणित पगारपत्रकात कोणी मांडले असते तर साहेबांनी ते माझ्या तोंडावर फेकले असते.

याला कोणी म्हणेल की रेघ कुठेतरी ओढावीच लागते आणि तिच्या अलीकडे-पलीकडे दोन माणसे नेहमीच सापडतील. ते खरे आहे. परंतु रेघ ओढण्याचीही एक रीत असते. पलीकडे गेलेल्याला जेवढे कमी पडते तेवढेच द्यावे, म्हणजे १,७६४ वाल्याला पंधराशेऐवजी तेराशे-चौदाशे द्यावेत, अशी उतरती व्यवस्था करता येते. आयकरात दहा-वीस रुपयांनी मर्यादा ओलांडणाऱ्याला सारा कर एकदम बसू नये म्हणून अशी सवलत ठेवलेलीच आहे. करदात्यासाठी जी काळजी घेतली गेली ती म्हाताऱ्या कामगारासाठी कोणाला सुचली नाही, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

मात्र माझा मुख्य मुद्दा गणिताचा नाही, दाखल्याचा आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांच्या सहीने मिळतो आणि त्यामागे तलाठ्याचा चौकशी अहवाल असतो. (अलीकडे तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असते, आमच्याकडे अजून कोणी म्हणत नाही.) ज्या माणसाला पगार नाही, शेती नाही, बँकेत येणे नाही, त्याचे वार्षिक उत्पन्न तलाठ्याने ठरवायचे कसे? बाई चार घरची धुणीभांडी करते, आजोबा रसवंतीवर बसतात, मुलगा अधूनमधून पाचशेची नोट देतो, याची बेरीज कोणी करू शकत नाही. म्हणून एक समजूत तयार झालेली आहे. अर्जदार स्वयंघोषणापत्रात एक आकडा लिहितो, चौकशीत तो मान्य होतो, आणि दाखल्यावर अठरा हजार, वीस हजार असे गोल आकडे उमटतात. वर्षाला वीस हजारांत म्हणजे दिवसाला पंचावन्न रुपयांत माणूस जगत नाही हे लिहिणाऱ्याला, तपासणाऱ्याला आणि सही करणाऱ्याला सारखेच ठाऊक असते. मी याला लबाडी म्हणणार नाही. एकवीस हजारांची मर्यादा इतकी जुनी आणि इतकी अपुरी आहे की तिच्याशी कोणाचेही खरे जगणे जुळत नाही, आणि योजना चालू राहायची असेल तर सर्वांनी मिळून थोडा अंदाज खालच्या बाजूने करण्यावाचून गत्यंतर नाही. या अंदाजामुळे पुष्कळ खऱ्या गरजूंच्या घरी चूल पेटते.

फंडाच्या पेन्शनरला मात्र या समजुतीत जागा नाही. त्याच्या पासबुकावर दर महिन्याला छापील नोंद पडते आणि छापील नोंदीपुढे अंदाज चालत नाही. शेजारचा रसवंतीवाला त्याच्यापेक्षा दुप्पट कमावत असला तरी त्याची कमाई हवेत विरते. याचे अठराशे रुपये कागदावर राहतात. ज्याने आयुष्यभर हजेरीपटावर सही केली, ज्याचा फंड नियमाने कापला गेला, ज्याच्या कारखान्याने निदान एवढे तरी कायद्याने केले, तो आपल्या शिस्तीच्या पुराव्यानिशी अपात्र ठरतो. सरकार एकीकडे असंघटित कामगारांना सांगते की नोंदणी करा, खाती उघडा, वर्गणी भरा, म्हातारपणी पेन्शन मिळेल. त्या पेन्शनचा आकडा रेघेच्या जरासा वर गेला तर काय होते हे आमच्या वस्तीत सर्वांनी पाहिलेले आहे, आणि पोरांना फंडाचे महत्त्व पटवताना मला हल्ली जड जाते.

समोरच्या गल्लीत राहणाऱ्या अक्कांचे प्रकरण त्या मानाने सरळ होते, तरी ते मार्गी लागताना जे पाहिले ते सांगण्यासारखे आहे. अक्का विधवा, विडी कामगार म्हणून पेन्शन किमान म्हणजे हजार रुपये, वर्षाचे बारा हजार. रेघेच्या बऱ्याच खाली. पहिली अडचण वयाची. फंडाच्या जुन्या कार्डावर कारखान्याच्या मुनीमाने अंदाजाने एक वर्ष लिहिलेले, आधार कार्डावर दुसरेच. अक्का लग्न होऊन पलीकडच्या तेलंगणातून आलेल्या, जन्माची नोंद कुठेच नाही, आणि आधार काढताना ज्यांना तारीख सांगता आली नाही अशा हजारो माणसांप्रमाणे त्यांचाही जन्म १ जानेवारीला झालेला आहे. दुसरी अडचण प्रतिज्ञापत्राची. अन्य कोणत्याही योजनेचे मासिक अर्थसाहाय्य घेत नसल्याचे त्यात लिहून द्यायचे असते. फंडाचे पेन्शन हे अर्थसाहाय्य की स्वतःच्या नोकरीचा मोबदला, यावर टेबलाटेबलाला मत बदलते. कारकून भला माणूस होता. त्याने पासबुक पाहिले, वर पाहिले, आणि “हे पेन्शन म्हणायचं का?” असे मलाच विचारले. मी म्हणालो, पेन्शनच आहे, पण उत्पन्नात धरा, साहाय्यात धरू नका. त्याने तसे टिपण लिहिले. पुढे समितीच्या बैठकीत प्रकरण मंजूर झाले. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्रुटी काढून कागद परत आला असता आणि अक्का तो घेऊन पुन्हा आल्या नसत्या, हे मी खात्रीने सांगतो.

मग हयातीचा दाखला. तो अक्कांना दोनदा द्यावा लागतो: एकदा फंडाच्या पेन्शनसाठी आणि एकदा श्रावणबाळसाठी. यंत्रावर अंगठा ठेवायचा असतो. पन्नास वर्षे तेंदूची पाने कातरून, दोरा गुंडाळून, विडीचे तोंड नखाने मुडपून अक्कांची बोटे गुळगुळीत झालेली आहेत. अंगठ्यावर रेषा म्हणून काही उरलेले नाही. सेतू केंद्रातला मुलगा आधी ओल्या फडक्याने, मग स्वतःच्या डोक्याचे तेल लावून, मग तर्जनी, मधले बोट, असे एकेक करून पाहतो आणि यंत्र दर वेळी लाल दिवा दाखवते. आता चेहरा दाखवूनही हयातीची नोंद होते, मोबाइलसमोर डोळे मिटायचे आणि उघडायचे, आणि हे खरोखर सोयीचे झाले आहे. पण अक्कांना मोतीबिंदू आहे. डोळे मिटल्याचे त्यांना कळते, ते उघडल्याचे मोबाइलला कळेपर्यंत वेळ जातो. त्या दिवशी नोंद झाली तेव्हा त्या मुलाने त्यांना तेलुगूत सांगितले की, तुम्ही अजून वर्षभर जिवंत आहात. सगळे हसले, अक्काही हसल्या.

गरिबीच्या रेघा किती आहेत याचीही कधी तरी मोजदाद करावी. पिवळ्या रेशनकार्डासाठी वर्षाला १५,००० रुपयांची मर्यादा आहे, अन्नसुरक्षेच्या प्राधान्य गटासाठी शहरात ५९,००० आणि खेड्यात ४४,०००, केशरी कार्डासाठी एक लाख, वयोश्री योजनेतून चष्मा-काठीसारख्या वस्तूंसाठी एकदाच मिळणाऱ्या ३,००० रुपयांसाठी दोन लाख. एकच म्हातारा एका खिडकीवर गरीब असतो आणि शेजारच्या खिडकीवर नसतो. याउलट ज्या सवलतींना फक्त वयाची अट आहे त्या पाहा. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, आणि सत्तरीच्या पुढच्या कोणालाही, उत्पन्न न विचारता, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीपासून मिळू लागले आहे. या दोन्ही ठिकाणी मला आजवर कोणाचा दाखला काढून द्यावा लागलेला नाही. बंगल्यातला म्हाताराही एसटीत फुकट बसतो हा आक्षेप मी ऐकला आहे. आमच्या अक्कलकोटच्या गाडीत तो मला अजून भेटलेला नाही. माझे मत असे की पासष्टीनंतरचे मूळ साहाय्य वयावरच द्यावे आणि वगळायचेच असेल तर आयकर भरणाऱ्यांना व सरकारी निवृत्तिवेतनधारकांना वगळावे. त्यांच्या याद्या सरकारपाशी तयार असतात.

२०१३ साली राज्यसभेच्या याचिका समितीने, जिचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी होते, फंडाचे किमान पेन्शन ३,००० रुपये करावे अशी शिफारस केली होती. तेच कोश्यारी पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, त्यामुळे इकडच्या पेन्शनरांना त्यांचे नाव दोन कारणांनी पाठ आहे. आता संघटनांची मागणी साडेसात हजार आणि वर महागाई भत्ता अशी आहे, आणि मी तिच्या बाजूने आहे. तथापि रेघ जागची हलली नाही तर वाढीचे काय होईल हे मी अक्कांसाठी मांडून पाहिले. पेन्शन हजाराचे तीन हजार झाले की वर्षाचे छत्तीस हजार होतात, श्रावणबाळ बंद. मिळाले दोन हजार, गेले दीड हजार, हाती राहिले पाचशे. साडेसात हजार झाले तर वर्षाचे नव्वद हजार होतात. श्रावणबाळ तर जाईलच, पण अन्नसुरक्षेच्या शहरी मर्यादेच्याही वर गेल्यामुळे रेशनचे धान्यही जाऊ शकेल. त्याही स्थितीत अक्का आजच्यापेक्षा पुष्कळ बऱ्या असतील, यात शंका नाही. परंतु दिल्लीने वाढवलेले पेन्शन आणि मुंबईने ठरवलेली मर्यादा एकमेकांशी बोलत नाहीत, आणि त्या न बोलण्याचा खर्च कोणाच्या पासबुकातून होतो ते उघड आहे.

सध्या माझ्यासमोर जे प्रकरण आहे ते गिरणीत जॉबर असलेल्या एका काकांचे आहे, खरे तर काकूंचे. काकांचे पेन्शन अठराशेच्या थोडे वर, वर्षाचे सुमारे बावीस हजार. मुलगा पुण्याला, त्याचे त्यालाच पुरत नाही. काकांनी स्वतःसाठी श्रावणबाळचा अर्ज कधी केला नाही. “आपल्याला बसत नाही” एवढे म्हणून ते विषय संपवतात, आणि त्या संपवण्यात थोडा अभिमान आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. काकूंना मात्र जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये मिळतात आणि घरातला किराणा त्यावर चालतो. त्या योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे, म्हणजे श्रावणबाळच्या जवळजवळ बारापट; वयाची मर्यादा पासष्ट. पासष्ट पूर्ण झाली की काकूंनी लाडकी बहीण सोडून श्रावणबाळकडे यायचे, जिथे तेवढेच पंधराशे मिळतात, पण कुटुंबाच्या उत्पन्नात काकांचे पेन्शन धरले जाणार आणि ते एकवीस हजारांना ओलांडते. चौसष्टाव्या वर्षी अडीच लाखांच्या आत असल्यामुळे जी बाई पात्र होती, तीच त्याच नवऱ्याच्या त्याच पेन्शनमुळे पासष्टाव्या वर्षी अपात्र होणार आहे. ज्या वयात औषधांचा खर्च वाढतो त्या वयात गरिबीची व्याख्या बारापट कडक का व्हावी, याचे उत्तर मला कोणत्याही शासन निर्णयात सापडलेले नाही.

काकूंचीही आधारवरची तारीख १ जानेवारी आहे. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या हिशेबाने त्या दोन वर्षांनी लहान ठरतात, पण तारीख दुरुस्त करायला जन्माचा किंवा शाळेचा दाखला लागतो आणि काकू शाळेत गेलेल्या नाहीत. येत्या जानेवारीत पंधराशे थांबणार हे आम्ही धरून चाललो आहोत. श्रावणबाळचा अर्ज तरीही करायचा, काकांचे पासबुक जोडायचे, उत्पन्न जेवढे आहे तेवढेच लिहायचे आणि अर्ज नाकारला तर कारण लेखी मागायचे, असे ठरले आहे. काकांना ते पटलेले नाही. काकूंनी फोटो काढून आणले आहेत.